दुसऱ्या भेटीची तारीख कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिबिराचा मांडव भरतो, बीपी-शुगर तपासायला रांग लागते, आणि त्याच लोकांना पुढच्या महिन्यात समुपदेशनाला बोलावले की खुर्च्या रिकाम्या राहतात. मग 'लोकांना स्वतःच्या तब्येतीचे गांभीर्यच नाही' असा शेरा मारून विषय मिटवला जातो. आपल्या पानांवरही हा सूर अधूनमधून उमटतो. उपकेंद्राच्या पातळीवर हेच काम रोज करणारे आम्ही काही जण त्या शेऱ्याला उत्तर म्हणून हे पत्र लिहीत आहोत. बहुतेक माणसे पहिल्या आणि दुसऱ्या भेटीच्या मधल्या दिवसांत गळतात, आणि ते मधले दिवस आजच्या व्यवस्थेत कोणाच्याच वाट्याला दिलेले नाहीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आधी रीत काय आहे ते सांगतो. गावात आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा 'सीबॅक' फॉर्म, म्हणजे आजाराचा धोका जोखणारी प्रश्नावली, भरते. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याला १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते का, घरात कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार आहे का, या प्रश्नांना गुण असतात. बेरीज ४ च्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचे. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी बीपी आणि बोटातल्या रक्ताची शुगर बघतो. तिथून माणसांचे तीन ढीग पडतात. एक, ज्यांचे सगळे ठीक. दोन, ज्यांना आजार निघाला. त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवून गोळ्या सुरू होतात. तिसरा ढीग 'बॉर्डरवर'च्या लोकांचा. बीपी १३४/८६, उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ च्या मध्ये, कमरेचा घेर बाईचा ८० सेंटीमीटरच्या वर किंवा पुरुषाचा ९० च्या वर. प्रतिबंधक समुपदेशन खरे तर या तिसऱ्या ढिगासाठी आहे. गळतीही इथेच आहे.

आता पैसे कुठे लागतात ते पाहा. सीबॅक फॉर्म भरला की आशाताईला १० रुपये. बीपी, शुगर किंवा कर्करोगाचे निदान झालेल्या माणसाचा पाठपुरावा केला की सहामाही ५० रुपये. 'बॉर्डरवर'च्या माणसाकडे दुसऱ्यांदा जाण्याचे काहीच नाही. तपासणीचे वेळापत्रकही वर्षातून एकदाचे. आज ज्याला 'बॉर्डरवर' सांगितले, त्याच्याकडे कागदोपत्री एकदम पुढच्या वर्षी बघायचे. मधले अकरा महिने तो कुणाचा रुग्ण नाही आणि कुणाचे टार्गेटही नाही. नोंदी ठेवण्याच्या सरकारी पोर्टलवर 'समुपदेशन केले' या खुणेपाशी त्याची नोंद थांबते. खूण एकदाच करायची असल्यामुळे ती पहिल्या दिवशीच होते, आणि वरून कोणी विचारत नाही.

ती खूण करताना काय घडते? शिबिरात सकाळी चार तासांत साठ माणसे उरकायची म्हटली तर प्रत्येकाला चार मिनिटे येतात. त्यात नाव, आभा (आरोग्य ओळख) क्रमांक, ओटीपी, बीपी, सुई, घेर, नोंद. ओटीपी बहुधा पुण्याला असलेल्या मुलाच्या फोनवर जातो, कारण घरातला नंबर त्याच्या नावावर. मुलगा कंपनीत, फोन लॉकरमध्ये. रांग खोळंबते. सल्ल्याला शेवटचे चाळीस सेकंद उरतात आणि त्यात सगळे कोंबले जाते: मीठ कमी, तेल कमी, साखर बंद, रोज चाला, तंबाखू सोडा, ताण घेऊ नका, झोप पूर्ण घ्या, भाज्या खा, महिन्याने या. आठ-नऊ सल्ले ऐकून माणूस मान डोलावतो आणि त्यातला एकही घरी नेत नाही. महिन्याने यायचे म्हणजे नक्की कुठल्या वारी, किती वाजता, कोणाकडे? कागदावर काही लिहिलेले नसते. 'या कधीतरी' हे आमंत्रण आपल्याकडे न येण्यासाठीच असते, हे कोणत्याही मराठी माणसाला ठाऊक आहे.

विश्वास पहिल्याच मोजणीत उडतो, हेही सांगायला हवे. बीपी घेण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसवायचे, पाठीला टेका, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको, लघवी लागलेली नको, आणि दोनदा मोजायचे. शिबिरात माणूस उन्हातून येतो, रांगेतल्या भांडणातून थेट खुर्चीवर बसतो, आणि यंत्र १४८ दाखवते. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा आणखी चढतो. दुसऱ्या दिवशी गावातला खासगी डॉक्टर १२६ सांगतो. घरात निष्कर्ष निघतो, 'सरकारी मशीन खोटे आहे'. बोटातल्या शुगरचेही तसेच. प्रसादाचा पेढा किंवा गुळाचा खडा खाल्लेल्या बोटातून थेंब काढला तर शुगर फुगून येते. साबणाने हात धुऊन, पुसून सुई मारायची, हे साधे काम. पण मांडवात पाणी नसते आणि स्पिरिटच्या बोळ्याने साखर नीट निघत नाही. खोट्या आकड्याने घाबरवलेला माणूस खऱ्या आकड्यालाही पुढे जुमानत नाही.

त्यापुढचा खड्डा उपाशीपोटी तपासणीचा. उपकेंद्रात कधीही घेतलेली शुगर १४० च्या वर आली की उपाशीपोटी तपासायला सांगितले जाते. आठ तास पोटात काही नको. आपल्याकडे पहाटे चहा झाल्याशिवाय दिवस सुरू होत नाही, आणि चहा म्हणजे 'खाणे' नव्हे अशी पक्की समजूत. बाई अकरा किलोमीटरवरून सकाळच्या एसटीने येते, सिस्टर विचारते, 'काही खाल्लं का?' 'काहीच नाही.' 'चहा?' 'तो घेतला की अर्धा कप.' आणि तिला परत पाठवले जाते. तिचा अर्धा दिवस गेला. रोजगार हमीचा दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता. खुरपणीची बुडालेली मजुरी त्याच्या आसपासची धरा. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले हे चांगलेच, पण गाडीची वेळ अर्धी झाली नाही. ती दुसऱ्यांदा येत नाही, यात नवल ते काय? बोलावताना 'उपाशीपोटी' एवढा शब्द पुरत नाही. 'चहासुद्धा नको, बिनसाखरेचाही नको, पाणी चालेल' असे तोडून सांगावे लागते, आणि आठवड्यातून एक दिवस उपकेंद्रातच सकाळी साडेसहा-सातला सुई घेऊन बसावे लागते. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणाऱ्या एचबीएवनसी तपासणीला उपाशी राहावे लागत नाही, पण ती तपासणीही डोळे झाकून वापरता येत नाही. लोह कमी असलेल्या बायकांत आकडा खोटा चढलेला दिसू शकतो आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांत त्यावर विसंबताच येत नाही. गडचिरोली किंवा नंदुरबारला हे विसरून चालणार नाही.

आता सल्ल्याविषयी. एवढे करून दुसऱ्यांदा आलेला माणूस तिसऱ्यांदा का येत नाही, त्याचे कारण बरेचदा सल्लाच असतो. छापील पत्रकात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. कापूस वेचून किंवा आठ तास वाकून खुरपून आलेल्या बाईला 'रोज अर्धा तास चालत जा' असे सांगितले की ती हसते, आणि तिच्या दृष्टीने आमची लायकी तिथेच ठरते. तिची हालचाल भरपूर आहे. तिच्याकडे चौकशी करायची ती मिठाची आणि तंबाखूच्या मिश्रीची. उलट ट्रॅक्टर आल्यापासून बांधावर उभा राहून शेती बघणारा तिचा नवरा आठवड्याला १५० मिनिटेही चालत नाही, पण 'शेतकरी' म्हटल्यावर त्याच्या फॉर्मवर हालचाल 'पुरेशी' लिहिली जाते.

मिठाचेच बघू, कारण इथे मोजून दाखवता येते. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला. 'पाच ग्रॅम' ऐकून कुणाला काहीच कळत नाही. 'एक सपाट चमचा' म्हटले तर कोणता चमचा यावर वाद. त्यापेक्षा पुडा मोजावा. चार माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा ५० दिवस जायला हवा. पुडा फोडला त्या दिवशी त्याच्यावर पेनने तारीख घालायची, एवढेच काम द्यायचे. तो महिन्यात संपला तर माणशी आठ ग्रॅमच्या वर गेले, आणि लोणचे, पापड, सुकट, फरसाण यांतले मीठ त्यात आलेलेच नाही. सात माणसांच्या घरात हाच पुडा २८-२९ दिवसांचा. उन्हाळ्यात वाळवणे घातली, कैरीचे लोणचे घातले की हिशेब चुकणार. ते वेगळे लिहून ठेवायचे. तेलाचे याहून सोपे: माणशी महिन्याला अर्धा लिटर, चौघांना दोन लिटर. पुढच्या भेटीला बाई पुड्यावरची तारीख सांगते, आणि मग बोलायला काहीतरी असते. 'मीठ कमी केलं का?' या प्रश्नाला 'हो' एवढेच उत्तर येते आणि भेट तिथेच संपते.

पण पुडा कोण फोडते? शिबिरात सल्ला मिळतो पुरुषाला, आणि आमटीत मीठ टाकते त्याची बायको किंवा सून. तिला कुणी काही सांगितलेले नसते. तो घरी येऊन 'डॉक्टरनी आळणी खायला सांगितलंय' म्हणतो, सासू म्हणते दोन स्वयंपाक होणार नाहीत, आणि चौथ्या दिवशी ताटात वरून मीठ येते. समुपदेशनाला दोघांना बोलवा, निदान स्वयंपाक करणारीला बोलवा. हे एवढे उघड आहे की लिहायला संकोच वाटतो. तरी पोर्टलवर समुपदेशनाची नोंद एकाच माणसाच्या नावाने होते.

मग श्रावण येतो. सोमवार, शनिवार, एकादशी, पुढे नवरात्र. आहाराच्या तक्त्यात उपवासाचा रकानाच नसतो. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, दुपारी गोड चहा. ज्याची शुगर बॉर्डरवर आहे त्याच्यासाठी हा दिवस नेहमीच्या भाजी-भाकरीपेक्षा जड. 'उपवास करू नका' असे सांगणारा समुपदेशक त्या घरातून उठलाच म्हणून समजा. भगर, ताक, काकडीची कोशिंबीर, मूठभर शेंगदाणे, खिचडी एकाच वेळी आणि वाटीभर, असे काही हातात द्यावे लागते. न दिल्यास माणूस खिचडी खातो, आपण नियम मोडला असे मनाशी धरतो आणि भेटीच्या दिवशी तोंड चुकवतो.

हे तोंड चुकवणे आम्हाला गळतीचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे कारण वाटते. समुपदेशकाचा पहिला प्रश्न असतो, 'पाळलंत का?' हा मास्तरांचा प्रश्न झाला. ज्याने गृहपाठ केला नाही तो शाळेतच येत नाही. त्याऐवजी 'गेल्या आठवड्यात कुठल्या दिवशी जमलं नाही?' असे विचारले की न जमणे गृहीत धरले जाते आणि माणूस मोकळा होतो: बाजाराच्या दिवशी भजी झाली, लग्नाला गेलो होतो, रात्रपाळी होती. मग त्या एका दिवसाचेच बोलायचे. एका भेटीत एकच बदल. दुसरा बदल पहिला जमल्यावर.

तंबाखूच्या बाबतीत तर भेटीचे अंतरच चुकलेले आहे. सोडल्यावरची तलफ, चिडचिड, डोकेदुखी, बद्धकोष्ठ यांचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि पुढच्या दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. पुडी पुन्हा उघडली जाते ती बहुधा पहिल्या आठवड्यात. आम्ही बोलावतो महिन्याने! पहिला फोन दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग आठव्या दिवशी गेला पाहिजे. प्रत्येकी दोन मिनिटे पुरतात. तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी केंद्राची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. पण तो क्रमांक पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापण्यापेक्षा माणसासमोर त्याच्याच फोनवरून लावून दिला तर उपयोग. निकोटिनचा गम दिला आणि कसा खायचा ते सांगितले नाही, तर माणूस तो नेहमीच्या गमसारखा चघळत बसतो, उचक्या लागतात, जळजळ होते, आणि 'यापेक्षा तंबाखू बरी' म्हणून विषय संपतो. थोडे चावायचे, झणझणले की गालात दाबून ठेवायचे, झणझणणे ओसरले की पुन्हा दोन-चारदा चावायचे, असे अर्धा तास. आणि आधीची पंधरा मिनिटे चहा-कॉफी किंवा आंबट काही नाही. आणि बायकांना 'तंबाखू खाता का?' विचारले की 'नाही' असेच उत्तर येणार, कारण मिश्री लावणे म्हणजे दात घासणे. 'मिश्री दिवसातून कितींदा लावता?' असे विचारले की 'तीनदा, आणि संडासला जाताना' असे खरे उत्तर येते.

फॉर्ममध्ये आणखी काही प्रश्न आहेत ज्यांनी बायका तुटतात. अंगावरून जाणे, पाळीशिवायचे रक्त, स्तनात गाठ. हे प्रश्न ओसरीवर, सासरा खाटेवर बसलेला असताना विचारले जातात. ती सगळ्याला 'नाही' म्हणते आणि पुढच्या वेळी आशाताई दिसली की शेतावर निघून जाते. पाटीवरचा 'समुपदेशन कक्ष' हा शब्दही आड येतो. ग्रामीण रुग्णालयात या शब्दाला एचआयव्हीच्या तपासणीची सावली आहे, आणि गावात 'समुपदेशन' म्हटले की नवरा-बायकोचे भांडण आठवते. त्या दारातून आत जाताना कोणी पाहिले तर? किशोरवयीनांच्या केंद्राला आरोग्य खात्याने 'मैत्री' नाव दिले, ते सुचले तसेच इथेही काहीतरी साधे नाव सुचायला हरकत नव्हती.

काही गळती तर कॅलेंडर बघूनच सांगता येते. दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डी, जामखेडकडून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकात निघतात, ते मार्च-एप्रिलला परततात. ऑक्टोबरच्या शिबिरात त्यांना 'पुढच्या महिन्यात या' सांगणारा फॉर्म भरण्यापूर्वीच चुकलेला आहे. त्यांच्यासाठी मुकादमाचा फोन नंबर, कोणत्या कारखान्यावर जाणार, आणि खिशात राहील असे जाड कागदाचे कार्ड, ज्यावर बीपी, शुगर, वजन, घेर तारखेसह लिहिले आहे आणि जे कारखान्याजवळच्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात दाखवता येईल. गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी जास्तीत जास्त साठा. इतर गावांत जूनची पेरणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची सोयाबीन काढणी सोडून तारखा द्याव्यात. आठवडी बाजाराचा दिवस उत्तम; माणूस तसाही येतो. शहरात अडचण वेगळी, तिथे दवाखान्याची वेळ आणि कामाची वेळ एकच. १ मे २०२३ ला राज्यभर सुरू झालेल्या 'आपला दवाखाना'ची वेळ दुपारी २ ते रात्री १० ठेवली गेली, ती याच कारणाने. समुपदेशनाच्या भेटी त्या संध्याकाळच्या तासांत बसवता येतील. एमआयडीसीत पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणून 'दर मंगळवारी' असे सांगणे व्यर्थ. कामगाराची पुढची सुट्टी विचारून तारीख द्यावी.

एक अडचण मात्र प्रतिबंधाच्या स्वभावातच आहे. ज्याला काही होत नाही त्याला बरे वाटण्याचा अनुभव देता येत नाही. एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात अर्थ नसतो. ७० किलोच्या माणसाने सहा महिन्यांत साडेतीन ते पाच किलो उतरवणे हे चांगले यश, म्हणजे महिन्याला पाऊण किलोच्या आसपास. आणि काट्यावरचे वजन चपला, जेवण, पाणी यांनी दिवसभरात किलोभर हलते. उपकेंद्रातला स्प्रिंगचा काटा शून्यावर नसेल तर विचारायलाच नको. कष्ट केले आणि आकडा हलला नाही, की माणूस येणे थांबवतो. म्हणून तोच काटा, सकाळची तीच वेळ, चपला काढून. आणि जोडीला सुतळी: बेंबीच्या पातळीवर नेसत्या कपड्याखालून माप घेऊन गाठ मारायची आणि सुतळी त्याच्याकडेच द्यायची. महिन्याने गाठीच्या अलीकडे एक बोट आले तर ते त्याला स्वतःला दिसते, आमच्या पोर्टलला दिसो न दिसो. साडीवरून घेतलेल्या घेराला मात्र काही किंमत नाही. निऱ्यांचेच दोन-चार सेंटीमीटर होतात.

संपर्क टिकवला तर माणसे टिकतात, याचा पुरावा भारतातलाच आहे. चेन्नईच्या संशोधकांनी ३५ ते ५५ वयाच्या, शुगर बॉर्डरवर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांवर दोन वर्षे केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीचा सल्ला दोन्ही गटांना सारखाच. फरक एवढाच की २७१ जणांना मोबाइलवर नियमित छोटे संदेश गेले, त्यांच्या सोयीच्या वेळी आणि त्यांची तयारी कुठवर आली आहे ते पाहून लिहिलेले. दोन वर्षांनी त्या गटात १८ टक्क्यांना मधुमेह झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. त्यात औषध नव्हते, महागडे यंत्र नव्हते. हे नोकरदार, हाती स्वतःचा फोन असलेले पुरुष होते. ज्या घरात एकच फोन आणि तो मुलाकडे, तिथे हीच गोष्ट आशाताईच्या पायांनी करावी लागेल, आणि त्या पायांचे पैसे द्यावे लागतील.

दुसरा दाखला घरचा. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस आला. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे सुरुवातीचे जिल्हे. त्यात प्रत्येक रुग्णाचे कार्ड असते, आणि तिमाहीत जो आला नाही त्याची गणती 'भेट चुकलेले' या वेगळ्या रकान्यात होते. तो रकाना असल्यामुळेच फोन करावा लागतो, घरी जावे लागते, गोळ्या गावाजवळ न्याव्या लागतात. गोळी न घेणाऱ्या, फक्त सल्ल्यावर असलेल्या माणसासाठी मात्र असा रकाना नाही. मे २०२३ मध्ये केंद्राने २०२५ पर्यंत साडेसात कोटी बीपी-शुगरच्या रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्या उद्दिष्टाच्या शर्यतीत जे अजून रुग्ण झालेच नव्हते ते मागे राहणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

न येणारा प्रत्येक जण गळालेला नसतो, हेही नोंदवायला हवे. कुणी खासगी डॉक्टरकडे जातो, कुणी गाव सोडतो, कुणाचे दुसरे मोजमाप साफ चांगले निघालेले असते आणि त्याने उगाच दर महिन्याला येण्याचे कारणच नसते. त्याला 'आता वर्षाने या' असे सांगून नाव बाजूला काढावे. आज या सगळ्यांना एकाच 'अनुपस्थित' खाली टाकले जाते, त्यामुळे खरे सुटलेले कोण ते कळत नाही आणि आशाताई बिचारी चुकीच्या दारात उभी राहते.

मनुष्यबळ नाही, असे उत्तर येईल. खरेच नाही. म्हणूनच आमची मागणी काम वाढवण्याची नाही, तपासणीचा आकडा कमी करण्याची आहे. साठांऐवजी वीस माणसे बघू द्या. त्यातल्या बॉर्डरवरच्या पाच-सहा जणांना तिथेच वार, तारीख, वेळ आणि भेटणाऱ्या माणसाचे नाव लिहून द्या. दोन फोन नंबर घ्या, एक घरचा, एक शेजारचा किंवा किराणा दुकानाचा, आणि माणूस खुर्चीवर असतानाच मिस्ड कॉल देऊन खात्री करा. चुकीचे नंबर तिथेच सापडतात. तारखेच्या आदल्या संध्याकाळी एक फोन. नाही आला तर सात दिवसांच्या आत आशाताईची एक फेरी, आणि त्या फेरीला फॉर्मच्या दहा रुपयांपेक्षा जास्त मोबदला. शंभर पानी साधी वही पुरेल: नाव, पहिली तारीख, दुसरी तारीख, आला किंवा नाही, नाही तर का. यातला 'का'चा रकाना रिकामा ठेवू नये, आणि तिथे 'उदासीन' हा शब्द चालणार नाही असा नियम करावा.

जिल्हा आढाव्यात दर महिन्याला पहिला प्रश्न असतो, 'किती तपासले?' त्याच्या शेजारी आणखी एक प्रश्न विचारला जावा, अशी आमची आरोग्य खात्याला आपल्या माध्यमातून विनंती आहे: मागच्या महिन्यात ज्यांना तारीख दिली, त्यातले या महिन्यात किती आले?

आपले,
ग्रामीण आरोग्यसेवेत समुपदेशनाचे काम करणारे काही वाचक